रेंडरमधलं पाणी प्लॅस्टिकच्या कागदासारखं दिसतंय? मटेरिअलला हात लावण्याआधी हे बघा

आर्किटेक्टचा फोन येतो तो रात्री साडेनऊला. "ओ सर, बाकी सगळं झालंय, तेवढं पाणी बघा ना. पार्टी सकाळी अकराला येणाराय." सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, पण बंगल्याच्या प्लॅनमध्ये धबधबा असतोच. माझी तक्रार नाही, अशा बंगल्यांचे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली फोटोसारखी चित्रं, करूनच माझं घर चालतं. पण फाइल उघडली की दर वेळी तीच ठरावीक चार-पाच दुखणी निघतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. मी ब्लेंडरमध्ये आणि स्केचअपवर व्ही-रे लावून काम करतो. तुमच्याकडे बटणांची नावं वेगळी असतील, तपासायचा क्रम तोच राहील.

लक्षणं

– पाणी टाकीवर ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकसारखं किंवा जेलीसारखं दिसतं.
– नुसता आरसा झालाय. तळ, पायऱ्या, टाइल्स काही दिसत नाही.
– किंवा उलट, टाकीत पाणी आहे की नाही तेच कळत नाही.
– तळ काळाकुट्ट. कडेला काळे डाग, करवतीसारखे पट्टे.
– चित्रभर पांढरे ठिपके. डीनॉइझ केलं (ठिपके पुसणारं फिल्टर लावलं) की ठिपक्यांबरोबर लाटाही पुसल्या जातात आणि मेण उरतं.
– कारंजं काचेच्या झुंबरासारखं.
– पाणी सुटं पाहिलं तर बरं वाटतं, पण चित्रात नंतर आणून चिकटवल्यासारखं.

यातलं काहीही दिसलं की लोक पहिलं काम करतात ते म्हणजे नवं 'रिअ‍ॅलिस्टिक वॉटर' मटेरिअल डाउनलोड. ते करू नका. माझ्याकडे आलेल्या फाइल्समध्ये मटेरिअल, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारी सेटिंग, हे दुखणं असलं तरी क्वचितच पहिलं असतं.

आधी आरसा लावून बघा (फुकट, पाच मिनिटं)

पाण्याच्या पृष्ठभागाला तात्पुरतं आरशाचं मटेरिअल द्या: मेटॅलिक १, रफनेस (खडबडीतपणा) ०. चित्र पाव आकाराचं करून एक रेंडर मारा. त्या आरशात जे दिसेल तेवढंच भांडवल तुमच्या पाण्याकडे आहे. बहुतेक वेळा दिसतं काय, तर राखाडी आभाळ, एक सपाट रेघ आणि खाली काहीच नाही. पाण्याला दाखवायला काही नसेल तर ते प्लॅस्टिकच दिसणार. खऱ्या तलावाचं निम्मं रूप त्याच्या काठावर उभं असतं.

मग पाणी पूर्ण लपवा आणि रिकाम्या टाकीचा रेंडर मारा. रिकामी टाकीच खोटी दिसत असेल, टाइल्सना सांधे नाहीत, काँक्रीट इस्त्री केल्यासारखं, तर ती भरून काही सुधारणार नाही. आधी टाकी नीट करा.

आरशात काय दिसतं ते न बघितल्यामुळे मी एकदा फसलो. मोहोळकडच्या एका फार्महाउसचं काम होतं. रेंडर मलाही आवडला होता. मालकाचे वडील मागे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "पाण्यात ही कसली झाडं दिसायल्येत? आपल्या रानात तर असलं काय नाही." खरंच, कुंडाच्या पाण्यात सूचीपर्णी झाडांची रांग उलटी उभी होती. फुकट मिळालेल्या एचडीआरआय आभाळात (दृश्याभोवती गुंडाळायचा, प्रकाश देणारा फोटो) युरोपातलं जंगल होतं, आणि ते कॅमेऱ्यात दिसत नव्हतं तरी पाण्यात दिसत होतं. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला मी कडुनिंब, बाभळी, नारळ, कंपाउंडची भिंत आणि बंगल्याचीच दुसरी बाजू उभी करतो. ती चित्रात येत नाहीत, पाण्यात येतात. आभाळासाठी मोकळ्या माळावरची एचडीआरआय घ्या, क्षितिज जितकं रिकामं तितकं बरं.

रिअल-टाइम सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: तिथे बऱ्याचदा स्क्रीनवर दिसणाऱ्या वस्तूंचंच प्रतिबिंब पडतं. त्यांच्या सेटिंगमध्ये पाण्यासाठी रिफ्लेक्शन वेगळं चालू करावं लागतं. ते चालू नसेल तर झाडं लावून उपयोग नाही.

माप

हाही फुकटचाच तपास, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष. प्लॅन ऑटोकॅडमध्ये मिलिमीटरमध्ये काढलेला असतो. आणताना एकक बदलायचं राहिलं की ६ मीटरची टाकी ६ किलोमीटरची होते. म्हणजे सोलापूरचा अख्खा सिद्धेश्वर तलाव आत ठेवून वर जागा उरेल. स्क्रीनवर झूम केलं की सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे कळत नाही. पण लाटांची उंची, पाण्याच्या खोलीचा रंग, धुकं, फोकस, सगळं खऱ्या मापावर मोजलं जातं.

ब्लेंडरमध्ये एन दाबा, टाकीची लांबी वाचा. स्केलच्या तिन्ही आकड्यांपुढे १ नसेल तर कंट्रोल-ए करून स्केल अप्लाय करा. शंका आली तर मी पाण्याशेजारी १.७ मीटरचा एक ठोकळा उभा करतो. माणूस पाण्यासमोर मुंगी किंवा राक्षस दिसला की पुढे काही तपासायची गरजच नसते.

सूर्य कुठला आहे?

स्केचअपमध्ये जागा सांगितली नाही तर ते आपलं काम अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावात आहे असं धरून चालतं. ते गाव ४० उत्तर अक्षांशावर, आपण १७.७ वर. जुळे सोलापुरातल्या बंगल्यावर मी अनेकदा बोल्डरचं ऊन पाहिलंय.

याने नेमकं काय बिघडतं? बोल्डरमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला झुकलेला असतो. जूनमध्ये भर दुपारी उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं, हे इथे राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. फाइलला मात्र सांगावं लागतं. अक्षांश १७.७, रेखांश ७५.९, वेळ +५:३०. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे इथला खरा मध्यान्ह साधारण १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास होतो, तेव्हा बाराची सावली अगदी सरळ दिसली नाही म्हणून घाबरू नका.

पाण्यावर लकाकी हवी असेल तर दुपार विसरा. सूर्य डोक्यावर असताना त्याचं प्रतिबिंब फक्त सरळ खाली वाकून पाहणाऱ्याला दिसतं. उभ्या माणसाच्या नजरेतून पाणी मंद आणि तळ उजळ दिसतो. मेमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य खाली येतो, तेव्हा कॅमेरा सूर्याकडे तोंड करून लावा. लाटांच्या कडा आपोआप पेटतात.

कॅमेऱ्याची उंची

'आरसा झालाय' आणि 'पाणी दिसतच नाही' या दोन तक्रारी बहुतेक वेळा इथे मिटतात. पाणी सरळ वरून पाहिलं तर फक्त २ टक्के प्रकाश परतवतं, बाकीचा आत जातो. नजर तिरकी होत गेली की परावर्तन वाढतं: लंबापासून ६० अंशांवर ६ टक्के, ८० अंशांवर ३५ टक्के. म्हणजे १.६ मीटर उंचीवरून पायाजवळचं पाणी पाहिलं तर तळ दिसतो, ९ मीटरवरचं पाहिलं तर आभाळ दिसायला लागतं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून बघा. पायाशी हिरवट गढूळ, पुढे जाल तसं देऊळ आणि ढग. ड्रोन-व्ह्यूमधून आरसा आणि बसलेल्या माणसाच्या नजरेतून स्वच्छ तळ, असं दोन्ही मागणाऱ्या क्लायंटला मी कॅमेरा हलवून दाखवतो. वाद घालत नाही.

मेश: आतबाहेर आणि भेगा

मेश म्हणजे वस्तूचा आकार बनवणारी पृष्ठभागांची जाळी. काळे डाग इथून येतात. ब्लेंडरच्या ओव्हरलेमध्ये फेस ओरिएंटेशन लावा. बाहेरून सगळं निळं दिसायला हवं. लाल दिसलं तर ती बाजू उलटी आहे. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन. स्केचअपमध्ये मोनोक्रोम स्टाइल लावली की उलट्या बाजू निळसर-राखाडी दिसतात. बाजू उलटी असली तर प्रकाश पाण्यात शिरतोय की बाहेर पडतोय हेच सॉफ्टवेअरला कळत नाही आणि वक्रीभवन उलटं होतं.

दुसरं, पाणी म्हणून नुसता एक पत्रा ठेवू नका. वर, खाली आणि चारही बाजू बंद असलेला ठोकळा करा, म्हणजे प्रकाशाने पाण्यात किती अंतर कापलं हे मोजता येतं. आणि तो ठोकळा भिंतीला तंतोतंत चिकटवायचा नाही. दोन पृष्ठभाग एकाच जागी आले की कुठला पुढे हे ठरत नाही, त्यातूनच ते करवतीचे पट्टे उमटतात. पाणी भिंतीत आणि तळात एक-दोन मिलिमीटर घुसवा. उलट फट ठेवली तर पाणी आणि टाइलच्या मध्ये हवेचा थर होतो आणि टाकीऐवजी काचपेटी दिसते.

आता मटेरिअल

वक्रीभवनांक (प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.३३ ठेवा. व्ही-रेमध्ये नवं मटेरिअल घेतलं की तो १.६ असतो, आणि बरेच जण फक्त रंग बदलून पुढे जातात. १.६ चा पदार्थ सरळ पाहिल्यावर ५ टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणजे पाण्याच्या अडीच पटींहून जास्त. जेलीचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं रफनेसमध्ये: स्वच्छ पाण्याचा रफनेस शून्य. मऊपणा हवा असेल तर तो लाटांनी आणा.

रंग पृष्ठभागाला देऊ नका. निळा रंग दिलेलं पाणी म्हणजे निळी काच. पाण्याचा रंग खोलीतून येतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषतं. फूटभर खोल कुंडात रंग जवळपास नसतोच. दीड-दोन मीटरच्या पूलमध्ये पांढऱ्या टाइल्सवरही हलकी निळसर छटा येते. यासाठी ब्लेंडरमध्ये व्हॉल्यूमला अ‍ॅब्सॉर्प्शन लावा, व्ही-रेमध्ये फॉग कलर. हे शोषण अंतरामागे मोजलं जातं, म्हणूनच वर मापाबद्दल इतकं बोललो. टाकी किलोमीटरची असेल तर पाणी शाईसारखं काळं होणार आणि तुम्ही रंगाशी खेळत बसणार.

तलावाचं दृश्य असेल तर हे सगळं सोडून द्या. आपल्याकडच्या तलावात गाळ आणि शेवाळ असतं, तळ दिसत नाही. पारदर्शकता पूर्ण बंद करा, गडद हिरवट-तपकिरी अपारदर्शक रंग घ्या, वर १.३३ चं परावर्तन ठेवा. रेंडर कितीतरी लवकर होतो आणि खराही दिसतो. संभाजी तलावाला मालदीवचं निळं पाणी दिलेलं प्रेझेंटेशन मी पाहिलंय. बघणाऱ्यांत एकही सोलापूरकर फसला नसेल.

लाटा

तीन मीटरच्या कुंडात अर्ध्या मीटरच्या लाटा उठत नाहीत. तिथे बोटभर ते वीतभर रुंदीच्या आणि काही मिलिमीटर उंचीच्या लहरी पुरतात. एकच नॉइझ (कॉम्प्युटरने काढलेला वेडावाकडा नमुना) लावला तर वॉलपेपर दिसतो. एक मोठा मंद, एक बारीक, असे दोन एकावर एक घ्या आणि भिंतीजवळ थोडे शांत करा. नॉर्मल मॅप किंवा बंप मॅप (पृष्ठभागाचा उंचसखलपणा सांगणारा नकाशा) चित्र म्हणून आणला असेल तर त्याचा कलर स्पेस नॉन-कलर आहे का बघा. तो रंगीत फोटो म्हणून वाचला गेला की उतार चुकतात आणि पाणी चुरगळलेल्या फॉइलसारखं दिसतं.

रेंडरची सेटिंग

इथून पुढे वेळ खर्च होतो. तळ काळा असेल तर कारण बहुधा सावलीचं. तळाच्या बिंदूवर ऊन आहे का हे पाहायला सॉफ्टवेअर तिथून सूर्याकडे सरळ रेघ मारतं, आणि ती रेघ पाण्याच्या पृष्ठभागाला धडकून थांबते. खरा प्रकाश वाकून येतो, पण तो मार्ग शोधणं फार महागडं. साधा उपाय: व्ही-रेमध्ये 'अफेक्ट शॅडोज' चालू करा. ब्लेंडरमध्ये लाइट पाथमधला 'इज शॅडो रे' वापरून सावलीपुरतं पाणी पारदर्शक करा. तळावरची ती नाचणारी जाळी यातून मिळत नाही, पण तळ उजळतो, आणि जाळी हवीच असेल तर एक टेक्स्चर सूर्याच्या प्रकाशासमोर धरून फसवता येते. मी फसवतो.

कारंजाच्या थेंबांत काळेपणा असेल तर बाऊन्स, म्हणजे किरण किती पृष्ठभागांतून जातो ते, मोजा. प्रत्येक थेंबात प्रकाश एकदा शिरतो, एकदा निघतो. सहा थेंब एका रांगेत आले की ब्लेंडरच्या सायकल्समधले ट्रान्समिशनचे मूळचे १२ बाऊन्स संपले. पुढचा थेंब काळा.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी इनडायरेक्ट क्लँप (फार तेजस्वी किरणांवरची मर्यादा) कमी करा, सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) वाढवा. डीनॉइझर शेवटी आणि हलक्या हाताने.

काठ

'चिकटवल्यासारखं' दिसण्याचा इलाज इथे आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. मोबाइल घेऊन कुठल्याही जुन्या हौदापाशी जा आणि पाण्याच्या रेषेचा जवळून फोटो काढा. पाण्याच्या वर बोटभर ते वीतभर दगड ओला असतो. ओला दगड काळपट आणि चकचकीत दिसतो, कारण त्याच्या छिद्रांत पाणी भरल्यावर आत गेलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही, आतच जिरतो. त्याच्या वर, ओल संपते तिथे, पांढरट क्षाराची वेडीवाकडी रेघ. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे नव्या कारंजावरही काही महिन्यांत ती उमटते. कोपऱ्यात शेवाळाचा हिरवा ठिपका.

रेंडरमध्ये एवढंच करायचं: पाण्याच्या पातळीपासून उंचीनुसार एक मास्क (बदल कुठे लागू होईल ते ठरवणारा भाग), त्याची कड नॉइझने फाडलेली. मास्कच्या आत दगडाचा रंग साधारण दोन-तृतीयांशावर आणा, रफनेस ०.१५च्या आसपास. शहाबादी आणि बेसॉल्टवर हा फरक ठळक दिसतो, पॉलिश केलेल्या कडाप्प्यावर कमी, कारण तो मुळातच काळा आणि गुळगुळीत. क्षाराची रेघ विकायच्या चित्रात अगदी पुसट ठेवा. एका मालकाने ती बघून "आत्तापासूनच घाण?" म्हणून विचारलं होतं. पण ओला पट्टा सोडू नका.

पडणारं पाणी

कारंजं झुंबर दिसतं, कारण आपण त्याला काचेचा आकार देतो. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि बुडबुड्यांमुळे ते पांढरं होतं. शिवाय ते हलत असतं. १ मीटर उंच उडणाऱ्या धारेचा तळाशी वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंद धरला तर तेवढ्यात थेंब ९ सेंटीमीटर सरकतो. म्हणजे फोटोत थेंब नसतोच, ९ सेंटीमीटरची रेघ असते. मोशन ब्लर नसलेलं कारंजं म्हणूनच खेळण्यातलं वाटतं.

स्थिर चित्रासाठी माझा स्वस्त उपाय: रात्री एखाद्या चालू कारंजावर एका बाजूने प्रकाश पाडून, मागे काळोख ठेवून फोटो काढायचे. फोटोशॉपमध्ये ते 'स्क्रीन' मोडवर रेंडरवर टाकले की काळं नाहीसं होतं आणि धारा उरतात. खाली पाणी आपटतं तिथे फेस आणि थोडं धुकं घातलं की बहुतेक प्लॅन पास होतात.

इथे थांबा

वरचं सगळं करून दोन रात्री गेल्या आणि पाणी अजून खोटं दिसतंय, तर फाइल दुसऱ्या कुणाला दाखवा. आपले डोळे तोवर मेलेले असतात.

धबधबा चालताना दाखवायचा असेल, अ‍ॅनिमेशनमध्ये कुणी पाण्यात हात घालणार असेल, भिंतीवरून पाण्याचा पडदा ओघळणार असेल, तर ते सिम्युलेशनचं, म्हणजे पाण्याची हालचाल जागेचे बारीक चौकोन पाडून गणिताने काढण्याचं, काम आहे, आणि ते करणाऱ्याला बोलवा. ३ मीटर बाय ३ मीटर बाय १ मीटर जागेत १ सेंटीमीटरची बारकाई धरली तर ९० लाख घरं होतात. बारकाई दुप्पट केली की आठपट. रात्री साडेनऊला सुरू करून सकाळी अकराला देण्यातलं हे काम नाही. त्या माणसाला मॉडेल मीटरमध्ये द्या, कॅमेरा पक्का करून द्या, किती सेकंद ते सांगा, आणि जसं पाणी हवं तशा खऱ्या पाण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ द्या. वर्णन करून सांगू नका. 'जरा नैसर्गिक' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

रेंडर दर वेळी अर्ध्यात बंद पडून मशीनच रीस्टार्ट होत असेल तर तो पाण्याचा दोष नाही. आधी ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरतेय का ते बघा. मग तापमान. मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली, खोलीत एसी नाही आणि पंख्यांत वर्षाची धूळ, अशात कार्ड दमतं. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढणं एवढं घरी करा. त्यानंतरही बंद पडत असेल, जळका वास येत असेल, तर कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी आत विजेचा भार शिल्लक असतो.

आणि मालक विचारतात, "वारं सुटल्यावर पाणी बाहेर उडणार नाही ना? पंप केवढा लागेल?" रेंडरमध्ये वारं मीच लावलेलं असतं आणि पंप नसतोच. तिथे मी लॅपटॉप मिटतो आणि आर्किटेक्टकडे बघतो. त्याने कारंजाचं प्लंबिंग करणाऱ्याला जागेवर न्यायचं.